जाळ्यातली जेलीफिश: हात आणि डोळे कसे वाचवायचे

समुद्रात पोहणाऱ्याच्या अंगावर जेलीफिश वाहत येते. मासेमारी करणारा तिला आपल्या हातांनी ओढून वर काढतो. त्यामुळे किनाऱ्यावर पोहणाऱ्यांसाठी ज्या सूचना लिहिलेल्या असतात त्या आपल्याला अर्ध्याच उपयोगी पडतात. माझ्या पाहण्यात आलेले बहुतेक दंश पाण्यातल्या जिवंत, पोहणाऱ्या जेलीफिशचे नव्हते. ते जाळ्याच्या आसात अडकलेल्या तुकड्याचे होते, नांगराच्या दोरीला गुंडाळलेल्या तंतूचे होते, आणि कितीतरी वेळा आदल्या दिवशी वापरलेल्या हातमोज्यावर वाळलेल्या चिकट थराचे होते. म्हणून मी बोटीवर नवीन आलेल्या पोरांना पहिल्याच दिवशी सांगतो: जेलीफिश दिसत नसली तरी दोरी आणि जाळं डसू शकतं असंच धरून चाला.

असं का होतं ते समजून घेतलं की पुढचं सगळं आपोआप लक्षात राहतं. जेलीफिशच्या तंतूंवर सूक्ष्म दंशपेशी असतात, एकेका तंतूवर हजारोंनी. प्रत्येक पेशीत विष भरलेली एक कुपी आणि तिच्यात गुंडाळून ठेवलेली पोकळ नळी असते. त्वचेचा स्पर्श झाला, त्वचेवरची रसायनं लागली की कुपी फुटते आणि नळी उलटी होऊन बाहेर फेकली जाते. जेलीफिशची गोड्या पाण्यातली नातलग असलेल्या हायड्रावर २००६ साली मोजणी झाली, तेव्हा हा मारा ७०० नॅनोसेकंदांत, म्हणजे सेकंदाच्या दहा लाखाव्या भागाहूनही कमी वेळात होतो असं दिसलं. इतक्या वेळात हात मागे घेणं कुणालाच शक्य नाही. आणखी महत्त्वाचं म्हणजे या पेशी फुटायला जेलीफिशची इच्छा लागत नाही, ती जिवंत असायलाही लागत नाही. तुटलेला तंतू डसतो, किनाऱ्यावर मरून पडलेली जेलीफिश डसते, आणि उन्हात वाळलेला तंतू पुन्हा ओला झाला की तोही डसू शकतो.

गोडं पाणी, दाब, चोळणं, दारू किंवा स्पिरिट यांनीही न फुटलेल्या पेशी फुटतात. हे चार शब्द लक्षात ठेवा, पुढे उपचाराच्या वेळी लागतील.

सगळ्या जेलीफिश सारख्या नसतात हेही खरं. पारदर्शक छत्रीत चार गोल कड्या दिसणारी चंद्र जेलीफिश बहुतेकांना नुसती खाज आणते. काकडीच्या आकाराच्या, अंगावर रंगीत लकेरी चमकणाऱ्या कंगवा जेलींना तर दंशपेशीच नसतात. निळ्या फुग्याची ब्लूबॉटल पाण्यावर तरंगते. शास्त्राच्या हिशेबाने ती जेलीफिश नाहीच, अनेक जीवांची एकत्र वसाहत आहे. तिचा फुगा बोटाएवढा किंवा मुठीएवढा दिसला तरी खालचे तंतू कितीतरी मीटर पसरलेले असतात. तिच्याच जातकुळीतल्या मोठ्या पोर्तुगीज मॅन ओ' वॉरचे तंतू ३० मीटरपर्यंत गेल्याची नोंद आहे. फुगा बोटीच्या एका बाजूला आणि तंतू दुसऱ्या बाजूच्या दोरीवर, असं सहज होऊ शकतं. आणि मग बॉक्स जेलीफिश. चौकोनी छत्री, चार कोपऱ्यांतून निघणारे तंतू, आणि अंग इतकं पारदर्शक की गढूळ पाण्यात ती दिसतच नाही. उत्तर ऑस्ट्रेलियाच्या पाण्यातली सगळ्यात मोठी बॉक्स जेलीफिश काही मिनिटांत माणसाचा जीव घेऊ शकते. तुमच्या समुद्रात बॉक्स जेलीफिश असतात का, कोणत्या महिन्यांत असतात, हे तिथल्या जुन्या मासेमारांना आणि जवळच्या दवाखान्याला आधीच विचारून ठेवा. कोणता उपचार करायचा हे बऱ्याच अंशी त्या उत्तरावर ठरतं.

जाळं टाकण्याआधी पाणी बघा

जेलीफिशला प्रवाहाविरुद्ध फारसं जाता येत नाही. जिथे दोन प्रवाह मिळतात, फेसाची आणि कचऱ्याची लांब रेघ दिसते, तिथे त्या गोळा होतात. किनाऱ्याकडे वारा सलग दोन-तीन दिवस वाहिला की तरंगणाऱ्या जाती, विशेषतः ब्लूबॉटल, किनाऱ्यालगत येतात. सकाळी वाळूवर निळे फुगे पडलेले दिसले तर त्या दिवशी उथळ पाण्यातही त्या असणार हे गृहीत धरा. बॉक्स जेलीफिशचं याच्या उलट आहे. तिला शांत, उथळ पाणी आवडतं, खाडीच्या तोंडाजवळचं. ती पोहूही शकते, आणि तिला डोळेही असतात. म्हणजे लाटा नाहीत, पाणी कसं स्वच्छ शांत आहे, म्हणून बिनधास्त उतरलात असं करू नका.

पाणी नुसतं वरून बघून पुरत नाही. बादलीभर पाणी काढून त्यात हात न घालता बघा. त्याहून चांगला उपाय म्हणजे पूर्ण जाळं सोडण्याआधी त्याचा थोडासाच भाग दहा-पंधरा मिनिटं पाण्यात ठेवून वर घेणं. तेवढ्या तुकड्यात तीन-चार जेली आल्या तर पूर्ण जाळ्यात काय येईल याचा अंदाज येतो. त्या दिवशी जागा बदला. वेळ वाया गेल्यासारखा वाटतो, पण जेलीने भरलेलं जाळं साफ करायला अख्खा दिवस जातो. वर मासळी चिरडली जाते ती वेगळीच.

उथळ पाण्यात उभं राहून पाग फेकणाऱ्यांनी उघड्या पायांनी उतरू नये. दंशपेशीची नळी फार लहान असते, त्यामुळे अंगाला घट्ट बसणारी पातळ तुमानसुद्धा पुष्कळ संरक्षण देते. सैल, तळाशी उघड्या कपड्यात मात्र तंतू आत शिरून अडकतो आणि प्रत्येक पावलाला डसत राहतो. आणखी एक गोष्ट उथळ, तिवरांच्या आसपासच्या संथ पाण्याची. तिथे तळाला उलटी पडून राहणारी कॅसिओपिया नावाची जेलीफिश असते. ती दंशपेशींनी भरलेले बारीक गोळे चिकट द्रवातून पाण्यात सोडते. जेलीफिशला हात न लावताही अंग चुणचुणायला लागतं ते त्यामुळे. हे गोळे शास्त्रज्ञांनी २०२० साली नीट ओळखून दाखवले. अशा पाण्यात अंग चुणचुणलं की कुठून आलं ते शोधत बसू नका, बाहेर या.

अंगावर काय घालायचं

लांब बाह्यांचा घट्ट सदरा, लांब तुमान, गमबूट, कोपराच्या जवळ येतील एवढे लांब रबरी हातमोजे. कापडी किंवा विणलेले हातमोजे नकोत. ते पाणी शोषतात, तंतूचे तुकडे धाग्यांत रुततात आणि दुसऱ्या दिवशी हात आत घातला की डसतात. दोरी हातात रुतते म्हणून ज्यांना कापडी मोजे लागतातच त्यांनी ते रबरी मोज्यांच्या आत घालावेत. हातमोजा आणि बाही यांच्या जोडावर चिकटपट्टी गुंडाळा, कारण ओढताना हात वरखाली होतो आणि पाणी नेमकं त्याच फटीतून आत जातं. मनगटाच्या आतल्या बाजूची त्वचा नाजूक असते. तिथला दंश तळहातावरच्या दंशापेक्षा फार जास्त दुखतो.

आणि चष्मा. डोळ्यांच्या बाजू झाकणारा, साधा प्लास्टिकचा, रंगकामावर किंवा लाकूडकामावर वापरतात तसा. माझ्या मते हातमोज्यांइतकाच तो गरजेचा आहे, आणि बोटीवर सगळ्यात जास्त टाळाटाळ त्याचीच होते. घाम येतो, काच धुरकट होते, ही तक्रार खरी आहे. तरीही जेलीच्या दिवसांत जाळं ओढताना चष्मा काढू देऊ नका.

ओढताना

जाळं पाण्यातून वर येताना हलतं, झटकतं, आणि जेलीचे तुकडे त्यातून उडतात. वारा तुमच्या तोंडावर असेल तर ते सरळ डोळ्यांत. म्हणून शक्य तेव्हा वारा पाठीवर येईल अशा बाजूने ओढा. तसं करताना वारा बोटीला जाळ्यावर ढकलतो, हे सुकाणूवरच्या माणसाने बघायला हवं. इंजिनाच्या पंख्यात जाळं गेलं तर जेलीपेक्षा मोठं संकट. ज्या वाऱ्यात हे जमत नाही त्या वाऱ्यात निदान तोंड बाजूला वळवून, जाळं छातीच्या खालीच ठेवून ओढा.

घाई करू नका. हळू ओढलं तर मऊ जेली पाण्याच्या पृष्ठभागावरच फाटून गळून पडतात. बोटीच्या कडेशी, पाण्याच्या पातळीला, जाळं दोन-तीनदा हलकं बुचकळा. जोराने झटकायचा मोह होतो, तो आवरा. आत आलेली जेली हाताने उचलून फेकू नका, मोजे असले तरी. फावडं किंवा लांब दांड्याची जाळी ठेवा आणि तिनेच पाण्यात सोडा.

जाळं पिशवीचं असेल आणि त्यात जेली भरली असेल, तर प्रश्न दंशाचा राहत नाही, वजनाचा होतो. २००९ च्या नोव्हेंबरमध्ये जपानच्या चिबा किनाऱ्यापाशी दहा टनी ट्रॉलर नोमुरा जेलीफिशने भरलेलं जाळं वर ओढताना उलटला. तिघेही खलाशी पाण्यात फेकले गेले, सुदैवाने दुसऱ्या बोटीने वाचवले. नोमुरा जेलीफिश दोन मीटर रुंद आणि २०० किलोपर्यंत वजनाची होते, सगळीकडे ती नसते. पण लहान जेलींनी गच्च भरलेलं जाळंसुद्धा पाणी बाहेर सोडत नाही, आणि लहान बोट त्याच्या वजनाने एका बाजूला कलते. ओढताना नेहमीपेक्षा जास्त ताण जाणवला, बोटीची कड पाण्याकडे झुकायला लागली, की थांबा. जाळ्याच्या शेपटाकडची गाठ पाण्यातच सोडा आणि सगळं जाऊ द्या. गाठ हाताला येत नसेल तर जाळं कापा. यासाठी धारदार सुरी नेहमी एकाच जागी टांगलेली असावी. मासळी त्यात होती म्हणून हळहळ वाटते, ती मलाही वाटली आहे, पण हा निर्णय तांडेलाने, म्हणजे बोटीच्या प्रमुखाने, क्षणात घ्यायचा असतो आणि बाकीच्यांनी त्यावर वाद घालायचा नसतो.

गळाने मासेमारी करणाऱ्यांचा धोका छोटा पण सतत असतो. रीळ गुंडाळताना दोर तंतू घेऊन येतो आणि तो चिकट गोळा काठीच्या पहिल्या कडीपाशी साठतो. तो बोटाने ओढून काढायची सवय जवळजवळ सगळ्यांना असते. सुरीच्या पाठीने किंवा जुन्या प्लास्टिक कार्डाने खरवडा, काठीचं टोक समुद्राच्या पाण्यात बुडवून हलवा. फडक्याने पुसलंत तर ते फडकं आता डसणारं फडकं झालं. ते वेगळ्या बादलीत टाका, खांद्यावर नको. आणि आमिष बदलण्याआधी बोटं बघा.

ओढणं चालू असताना हाताने तोंडाला, डोळ्याला, मानेला स्पर्श करायचा नाही. घाम पुसायचा तर दंडाच्या बाहीने, तोही बाहीवर शिंतोडे नसतील तर. तोंडात काही टाकण्याआधी, लघवीला जाण्याआधी हातमोजे उतरवून हात समुद्राच्या पाण्याने नीट धुवायचे. हे सांगताना पोरं हसतात, पण नाजूक जागी गेलेला तंतू काय करतो ते एकदा पाहिलेला माणूस हसत नाही.

दंश झाला तर, क्रमाने

पहिलं काम माणसाला कडेपासून दूर आणून बसवणं. अचानक आलेल्या कळेने माणूस उडी मारतो, हात झटकतो, तोल जाऊन पाण्यात पडतो. बोटीवर दंशापेक्षा हा धोका मोठा. इंजिन आणि जाळं ओढणं थांबवा. एकाने त्याचे हात धरा, कारण त्याला चोळायचं असतं आणि चोळू द्यायचं नाही.

लगेच बघा: श्वास नीट चालू आहे का, शुद्ध आहे का, ओठ-चेहरा सुजतोय का, छातीत दुखतंय का, सारखी उलटी होतेय का. यातलं काहीही असेल, किंवा दंश हातापायाच्या मोठ्या भागावर पसरलेला असेल, किंवा माणूस लहान मूल असेल, तर बोटीवरच्या व्हीएचएफ रेडिओच्या १६ नंबर वाहिनीवर मदत मागा आणि बोट किनाऱ्याकडे वळवा. उपचार वाटेत करा. श्वास बंद झाला तर बाकी सगळं सोडून छाती दाबायला सुरुवात करा: मिनिटाला १०० ते १२० दाब, मोठ्या माणसाची छाती निदान पाच सेंटीमीटर खाली जाईल इतक्या जोराने, आणि येत असेल तर दर ३० दाबांनंतर २ श्वास. बॉक्स जेलीफिशच्या दंशात हृदय थांबू शकतं आणि त्या वेळी विष उतरवण्याच्या खटपटीपेक्षा छातीवरचे हात जीव वाचवतात.

माणूस स्थिर असेल तर पुढचा प्रश्न: व्हिनेगर ओतायचं की नाही? याची उत्तरं लोक फार ठासून देतात आणि ती एकमेकांविरुद्ध असतात, म्हणून थोडं सविस्तर सांगतो. व्हिनेगरने दुखणं कमी होत नाही. आत गेलेल्या विषावर त्याचा उपयोग नाही. बॉक्स जेलीफिशच्या ज्या पेशी अजून फुटलेल्या नाहीत त्या ते निकामी करतं, म्हणजे पुढचं विष थांबवतं. म्हणून बॉक्स जेलीफिशची शंका असेल, त्वचेवर रुंद, आडव्या रेघा उमटलेले चट्टे दिसत असतील, तर साधं स्वयंपाकाचं व्हिनेगर भरपूर ओता, निदान ३० सेकंद. ब्लूबॉटलच्या बाबतीत ऑस्ट्रेलियात व्हिनेगर लावू नका असं शिकवतात. हवाईतल्या संशोधकांना २०१७ मध्ये तिच्या जातकुळीवरही ते उपयोगी दिसलं. आणि काही जातींच्या पेशी व्हिनेगरने उलट जास्त फुटतात. मी पाळतो तो नियम असा: निळा फुगा किंवा निळा तंतू डोळ्यांनी दिसला तर व्हिनेगर नाही, समुद्राचं पाणी आणि मग गरम पाणी. उष्ण समुद्र आहे, बॉक्स जेलीफिश असू शकतात आणि काय डसलं ते कळत नाही, तर व्हिनेगर आधी. ऑस्ट्रेलियाच्या उष्ण पट्ट्यातही अनोळखी दंशाला हाच सल्ला देतात. थंड समुद्रात, जिथे बॉक्स जेलीफिश नाहीत, तिथे अनोळखी दंशाला थेट गरम पाणी.

तंतू चिकटलेले असतील तर चिमट्याने, एकेक, वर उचलून काढा. ओढत, घासत नाही. कार्डाने किंवा सुरीने त्वचेवरून खरवडू नका; काठीला चालतं ते कातडीला चालत नाही, कारण दाबाने उरलेल्या पेशी फुटतात. मग समुद्राचं पाणी हळूच ओतून धुवा. फवारा नको.

आता गरम पाणी, आणि दुखण्यावर सगळ्यात भरवशाचं हेच. २००६ साली ऑस्ट्रेलियात ब्लूबॉटल डसलेल्या ९६ जणांवर चाचणी झाली. ४५ अंश सेल्सिअस पाण्यात अंग ठेवलेल्यांपैकी ८७ टक्के लोकांचं दुखणं २० मिनिटांत कमी झालं, बर्फ लावलेल्यांत फक्त ३३ टक्क्यांचं. बोटीवर ४५ अंश पाणी कुठून आणायचं? चांगला थर्मास. निघताना उकळतं पाणी भरा. बादलीत आधी समुद्राचं पाणी घ्या, मग थर्मासमधलं ओता. समुद्राचं पाणी ३० अंशांच्या आसपास असेल तर तीन भाग ते आणि एक भाग जवळजवळ उकळतं, एवढ्याने ४५ च्या आसपास पोचतं. थर्मास थंडावला असेल तर थोडं जास्त लागेल. डसलेला हात आत घालण्याआधी दुसऱ्या कुणीतरी स्वतःचा चांगला हात घालून बघायचं, कारण ज्याला कळ लागली आहे त्याला भाजतंय हे कळत नाही. सोसवेल इतकं गरम, त्याहून जास्त नाही. २० मिनिटं तरी ठेवा, निवलं की हात बाहेर काढून गरम पाणी मिसळा. पाठीवर किंवा मानेवर दंश असेल तर गरम पाण्यात भिजवून पिळलेला जाड कपडा ठेवा, सारखा बदला.

गरम पाणी नसेल तर गार शेक चालतो, पण कोरडा. इथे मासेमारीच्या बोटीवर एक चूक फार होते: मासळीच्या पेटीतला बर्फ उचलून सरळ दंशावर ठेवतात. तो बर्फ गोड्या पाण्याचा असतो आणि वितळलेलं पाणी न फुटलेल्या पेशी फोडतं. शिवाय त्या पेटीत जेलीचे तुकडे असू शकतात. बर्फ प्लास्टिक पिशवीत घट्ट बांधून, कोरड्या कपड्यात गुंडाळून लावा.

लघवी, दारू, स्पिरिट, पिण्याच्या पाण्याने धुणं, वाळू चोळणं, घट्ट पट्टी बांधणं यांतलं काहीही करू नका. लघवीचा सल्ला जगभर ऐकू येतो आणि त्याला काही आधार नाही.

डोळ्यात गेलं तर मात्र वरचे नियम बाजूला. डोळ्यात व्हिनेगर कधीही टाकायचं नाही, गरम पाणीही नाही. सलाइनची बाटली असेल तर तिने, नसेल तर पिण्याच्या स्वच्छ पाण्याने, डोळा उघडा धरून १५ मिनिटं तरी सतत धुवा. त्वचेवर गोडं पाणी नको आणि डोळ्यात चालतं हे ऐकायला विचित्र वाटतं, पण डोळ्यातून तुकडा लवकरात लवकर बाहेर काढणं जास्त महत्त्वाचं आहे. चोळायचं नाही. लेन्स घातली असेल तर काढायची. आमच्या बोटीवर एका पोराने मोज्यानेच कपाळावरचा घाम पुसला होता. दहा मिनिटांत त्याच्या डोळ्याची पापणी उघडेनाशी झाली. आम्ही सलाइनने धुतलं, जाळं तसंच बांधून परत फिरलो. डोळ्यांच्या डॉक्टरांना बुबुळावर खरचटलेलं दिसलं. औषध वेळेवर सुरू झालं म्हणून त्याची नजर नीट राहिली. दुखणं थांबलं तरी डोळा दाखवायलाच हवा.

ज्याची खूण दिसत नाही तो दंश

इरुकांजी नावाच्या छोट्या बॉक्स जेलीफिशबद्दल वेगळं सांगायला हवं. हिची छत्री नखाएवढी. दंश जागेवर फारसा दुखत नाही, कधी डाग म्हणावा तसा डागही नाही. साधारण अर्ध्या तासाने कंबर, पोट, छाती यांत तीव्र वेदना, दरदरून घाम, उलट्या, जिवाची घालमेल, वाढलेला रक्तदाब. १९६१ साली ऑस्ट्रेलियातले डॉक्टर जॅक बार्न्स यांनी हे नेमकं कशामुळे होतं ते सिद्ध करण्यासाठी ही जेलीफिश स्वतःला, आपल्या नऊ वर्षांच्या मुलाला आणि एका जीवरक्षकाला डसवून घेतली. तिघांनाही दवाखान्यात न्यावं लागलं. तिचं शास्त्रीय नाव पुढे त्यांच्यावरूनच पडलं. म्हणून बोटीवर माझा आग्रह असतो की दंश कितीही किरकोळ वाटला तरी तो माणूस तासभर एकटा काम करणार नाही, पाण्यात उतरणार नाही, सुकाणू धरणार नाही. एकट्याने होडी घेऊन जाणाऱ्याला डसलं तर दुखण्याची वाट न बघता किनाऱ्याकडे निघावं आणि कुणाला तरी कळवावं.

परत आल्यावर

बोट धुताना जोराच्या फवाऱ्याने धुऊ नका, तुकडे उडतात. कमी दाबाने, समुद्राच्या पाण्याने, वरून खाली, आणि हातमोजे-चष्मा न काढता. मासळी निवडतानाही मोजे ठेवा. जेलीबरोबर आलेल्या माशांच्या अंगावर तो चिकट थर असतो, तो समुद्राच्या पाण्यात दोनदा धुऊन मग बर्फात घाला. जाळं, दोऱ्या, मोजे, गमबूट नंतर गोड्या पाण्याने भरपूर धुवा. इथे गोड्या पाण्याने पेशी फुटल्या तर आपल्याला हवंच आहे, फक्त धुणाऱ्याचं अंग झाकलेलं असू द्या. वाळलेलं जाळं झाडताना वाऱ्याच्या वरच्या बाजूला उभे राहा. उरलेला वाळका तंतू धूळ होऊन उडतो, नाकाडोळ्यांत जातो. मुलांना त्या जाळ्यांवर खेळू देऊ नका. आणि दोरीचं वेटोळं बरेच दिवस पडून होतं म्हणून ते निर्धोक झालं असं समजू नका.

दंश झालेल्याला पहिले दोन दिवस नजरेखाली ठेवा. खाज आणि सूज यांवर अ‍ॅलर्जीची गोळी आणि सौम्य स्टेरॉइड मलम डॉक्टरांना विचारून. चट्टा पिकला, लाली पसरत गेली, ताप आला तर लगेच दाखवा, समुद्राच्या पाण्यातून जखमेत जाणारे जंतू झपाट्याने वाढतात. धनुर्वाताची सुई झाली आहे का ते तपासा. एक-दोन आठवड्यांनी त्याच जागी पुन्हा पुरळ उठू शकतं, घाबरायचं कारण नाही, पण खाजवू नका. ज्याला एकदा दंश होऊन अंगभर गांधी उठल्या किंवा श्वास अडला, त्याला पुढच्या वेळी जास्त जोराची अ‍ॅलर्जी येऊ शकते. अशा माणसाने डॉक्टरांचा सल्ला घेतल्याशिवाय जेलीच्या दिवसांत जाळ्याला हात लावू नये. मग तो कितीही पट्टीचा मासेमार असो.

डॉक्टरांकडे जाताना ही माहिती बरोबर न्या: किती वाजता डसलं, काय दिसलं, रंग कोणता, व्हिनेगर लावलं का, गरम पाण्यात किती वेळ ठेवलं. चट्ट्याचा फोटो पहिल्या पाच मिनिटांतच काढून ठेवा, नंतर सूज येते आणि रेघांचा आकार कळत नाही. तुकडा मिळाला तर चिमट्याने झाकणाच्या बाटलीत, समुद्राच्या पाण्यात.

बोटीवरची पेटी मी अशी ठेवतो: व्हिनेगरच्या एक लिटरच्या दोन बाटल्या, बोथट टोकाचा लांब चिमटा, सलाइनच्या बाटल्या, थर्मास, पाण्यात बुडवायचा थर्मामीटर, जाड सुती कपडे, जाड प्लास्टिक पिशव्या, वेदनाशामक आणि अ‍ॅलर्जीच्या गोळ्या, जादा हातमोजे आणि जादा चष्मा. पेटी सुकाणूजवळ, झाकणावर मोठ्या अक्षरांत नाव, कुलूप नाही. थर्मास रोज भरायचं काम एकाच माणसाकडे, आणि तो ते विसरला तर बोट सुटत नाही.